विनामोबदला हझान ते पगारी हझान: करारात काय काय असावं?

पेठेतला_आवाज

शालोम आणि नमस्कार. पुण्यातल्या आमच्या सिनेगॉगमध्ये (ज्यू प्रार्थनास्थळात) शुक्रवार संध्याकाळची आणि शनिवार सकाळची तफिला, म्हणजे प्रार्थना, मी हझान म्हणून पुढे उभा राहून चालवतो. सहा वर्षं झाली, पैसे घेत नाही. आता समिती म्हणते की महिन्याला ठरावीक रक्कम घ्या आणि जोडीला मुलांचं गाणं, मलिदा (एलियाहू हन्नाबीच्या नावाने करायचा विधी), लग्नकार्यंही सांभाळा. रक्कम अजून ठरलेली नाही, कागदही नाही. मी विश्वस्त मंडळावरही आहे.

विचारायचं ते असं. शब्बाथच्या, म्हणजे शनिवारच्या विश्रांतीच्या, दिवशी केलेल्या कामाचे पैसे घेणं चालतं का? तास कसे मोजायचे? विश्वस्तपदाचं काय करू? आणि मुलांच्या गाण्याला पेटी घेतली तर चाली बिघडतात, अशी एक तक्रार आधीच आली आहे. त्यात तथ्य आहे का?

दुसरा_सेफेर

पहिल्या प्रश्नाचं उत्तर: चालतं, पण हिशेब 'दर शनिवारी इतके' असा मांडला तर नाही.

शब्बाथच्या कामाची वेगळी मजुरी, म्हणजे 'सखार शब्बाथ', घेऊ नये असा नियम आहे. शुल्हान आरुख या धर्मनियमांच्या ग्रंथात, ओराह हायिम खंडाच्या ३०६ व्या भागात, हझानाचाच दाखला घेतला आहे: शब्बाथच्या प्रार्थनेसाठी हझान मोलाने ठेवू नये, आणि लगेच पुढे, काहींच्या मते चालतं. त्याखाली रमा या भाष्यकारांची टीप आहे की महिन्याच्या किंवा वर्षाच्या बोलीवर ठेवला असेल तर सगळ्यांच्याच मते चालतं. याला 'हवलाआ' म्हणतात. शब्बाथचं काम आठवड्याच्या इतर कामात मिसळून गेलेलं असतं आणि पैसे त्या अख्ख्या कामाचे असतात.

म्हणून करारात 'दर शब्बाथला अमुक रुपये' हे वाक्य कुठेही येता कामा नये. कामं अशी मांडा: पाराशाची (त्या आठवड्याच्या तोरावाचनाची) तयारी, मुलांचा वर्ग, सेफेर तोरा (तोराची हस्तलिखित गुंडाळी) लावून ठेवणं, आठवड्यातल्या तफिला, शब्बाथ आणि सण. या सगळ्याचं मिळून महिन्याचं एक वेतन.

गडबड होते ती रजेच्या कलमात. वेतन महिन्याचं ठेवतात आणि खाली लिहितात, 'गैरहजेरीत प्रति शनिवार इतके कापले जातील.' कापायला दर ठरवला की शब्बाथचा भाव ठरलाच, मग वरच्या मांडणीला काय अर्थ राहिला? त्याऐवजी वर्षाला चार शब्बाथ भरपगारी रजा, तीन आठवडे आधी कळवायचं, बदली माणूस कोण हे दोघांनी मिळून ठरवायचं, असं लिहा. त्याहून जास्त रजा झाली तर वर्षाअखेरच्या आढाव्यात बघा.

फक्त रोश हाशाना (नववर्ष) आणि योम किप्पुर (उपासाचा दिवस) यांसाठी बाहेरून कुणाला बोलावलं तर हाच पेच जास्त अवघड होतो, कारण कामाचे सगळे दिवस सणाचेच. तिथे आधीच्या सरावाचे आणि सेलिहोतचे (क्षमायाचनेच्या प्रार्थनांचे) दिवस बोलीत धरतात. सेफार्दी या ज्यू परंपरेत सेलिहोत त्याआधीचा एलुल महिनाभर असतात, तेव्हा भरायला काम पुष्कळ आहे.

पैसे घेतल्याने काम हलकं होतं, असं कुणी म्हणालं तर त्याला ओराह हायिमचाच ५३ वा भाग दाखवा. तिथे पगारी हझान फुकट करणाऱ्यापेक्षा बरा मानला आहे. पगारी माणूस जबाबदारीने वागतो आणि ज्याला वाटेल तो उठून पुढे उभा राहत नाही.

कोरा_स्तंभ

तासांबद्दल. लोकांना तुम्ही शनिवारी सकाळी दिसता, त्यामुळे समिती तेवढेच तास धरणार. खरं काम आठवड्यात असतं आणि सर्वांत जास्त वेळ पाराशा खाते.

तोरात (मोशेच्या पाच ग्रंथांत) ५,८४५ पसूक (वचनं), ते वर्षात ५४ पाराशांत वाचायचे. सरासरी १०८. पण सरासरीवर विसंबू नका: नासो १७६ पसुकांची, वायेलेख ३० ची. सेफेरमध्ये काना-मात्रांसारख्या स्वरखुणा नाहीत, तआमीम (चालीच्या खुणा) नाहीत, पसूक कुठे संपला याची खूणही नाही. ते सगळं डोक्यात घेऊन उभं राहायचं.

तयारीची चालणारी पद्धत अशी. रविवारी तिक्कूनमधल्या (सरावाचं पुस्तक, एका स्तंभात खुणांसह मजकूर, शेजारी सेफेरसारखा कोरा) खुणांच्या स्तंभावरून अख्खी पाराशा एकदा, अर्थ बघत. सोमवार ते बुधवार रोज दोन आलिया (पाराशाच्या सात भागांपैकी), प्रत्येक पसूक तीनदा: दोनदा खुणांसह, तिसऱ्यांदा कोऱ्या स्तंभावरून. गुरुवारी सातवी आलिया, माफ्तीर (शेवटचं जोडवाचन) आणि हाफ्तारा (संदेष्ट्यांच्या ग्रंथांतला उतारा). शुक्रवारी दुपारी प्रत्यक्ष सेफेर उघडून एकदा वाचा, कारण तिक्कूनमधली ओळ आणि तुमच्या सेफेरमधली ओळ एकाच जागी सुरू होईल असं नाही. नजर ओळीच्या सुरुवातीवर बसलेली असते. ती सरकली की पाठ असलेलं वाक्यही अडकतं. त्याच वेळी सेफेर योग्य जागी गुंडाळून ठेवा. रोश होदेश (हिब्रू महिन्याची सुरुवात) शब्बाथला आला किंवा दोन सेफेर काढायचे असले तर दुसराही लावून ठेवा. मंडळी उभी आणि दोघं जण चामड्याची गुंडाळी बेरेशीतपासून देवारीमपर्यंत फिरवत बसलेत, असं होऊ देऊ नका.

तयारीला पहिल्या वर्षी आठवड्याला आठ-दहा तास लागतात, दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी पाच-सहा. तुमची सहा वर्षं झाली आहेत, म्हणून सहाच धरतो. शुक्रवार दीड, शनिवार सकाळ तीन, तयारी सहा, मुलांचा वर्ग दोन: साडेबारा तास. बावन्न आठवड्यांचे ६५०. सणांचे, सेलिहोतचे, पुरीम सणाच्या मेगिल्लाचे (एस्तेरची गुंडाळी, १६७ पसूक, तआमीम वेगळे) वरचे १२० धरा. एकूण ७७०, म्हणजे महिन्याला साधारण ६४ तास. हा आकडा समितीपुढे ठेवा, दर त्यांना सुचवू दे. लग्न, मलिदा, मयत यात धरलेली नाही.

दोन चुका पगारी माणसाला माफ होत नाहीत.

पहिली चूक कॅलेंडरची. नातेवाईक इस्राएलमध्ये, त्यामुळे फोनवरचं ॲप इस्राएलच्या वेळापत्रकावर असतं. पेसाहचा आठवा दिवस किंवा शवुओतचा दुसरा दिवस शनिवारी आला की तिकडे सण एक दिवस आधीच संपलेला असल्याने पुढची पाराशा वाचतात, आपल्याकडे सणाचं वाचन असतं, आणि पुढचे काही आठवडे दोन्हीकडच्या पाराशा एकाने मागेपुढे चालतात. सेटिंगमध्ये 'डायस्पोरा' निवडलं आहे ना, ते आज बघा.

दुसरी अमिदातली (उभ्याने म्हणायची मुख्य प्रार्थना). रोश हाशाना ते योम किप्पुर 'हाएल हक्कादोश'च्या जागी 'हम्मेलेख हक्कादोश' म्हणायचं. मोठ्याने म्हणताना हे चुकलं आणि लगेच सुधारलं नाही तर अमिदा पहिल्यापासून. पावसाळी आणि उन्हाळी वाक्याची अदलाबदल शेमिनी अत्सेरेत या सणाला आणि पेसाहच्या पहिल्या दिवशी असते. पेन्सिलीने लिहिलेली जाड पुठ्ठ्याची चिठ्ठी सिद्दूरमध्ये (प्रार्थनेच्या पुस्तकात) आधीच घालून ठेवा. सणाच्या दिवशी लिहिता येणार नाही.

आणखी एक कलम हवंच: मिन्यान जमलं नाही तरी वेतन तेच. दहा पुरुष न जमल्यास कद्दिश नाही, कदूशा नाही, सेफेर काढायचं नाही. तुमची सहा तासांची तयारी तशीच घरी परत. पुण्यात हा प्रश्न पावसाळ्यात आणि मे महिन्याच्या सुट्टीत हमखास येतो. माणसं गोळा करायचं काम हझानाचं की समाशाचं (सिनेगॉगच्या सेवकाचं) की समितीचं, तेही लिहून टाका. नाहीतर शनिवारी सकाळी फोन करत बसायचं कामही अलगद तुमच्याच गळ्यात पडेल.

व्हाउचर_क्र_७

हिशेबाच्या बाजूने. रुक्ष आहे, पण वाचा.

आधी विश्वस्तपद. तुमच्या ट्रस्टची घटना किंवा योजना काढा आणि विश्वस्ताला मोबदला घेता येतो का ते कलम बघा. बहुतेक ठिकाणी मनाई असते. असेल तर आधी राजीनामा, तो मंजूर झाल्याचा ठराव, धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात फेरफार अर्ज, आणि मग नेमणूक. क्रम उलटा झाला तर पुढे कुणीही बोट दाखवू शकतं. ज्या बैठकीत तुमचं वेतन ठरतं तिथे तुम्ही बसू नका. घरातलं कुणी मंडळावर असेल तर त्यांनीही उठून जावं आणि तसं इतिवृत्तात नोंदवावं. विश्वस्ताला किंवा त्याच्या नातेवाइकाला कामाच्या मानाने अवाजवी रक्कम दिली तर ट्रस्टची आयकर सवलत धोक्यात येते. वर दिलेला तासांचा तक्ता म्हणूनच इतिवृत्ताला जोडा. रक्कम वाजवी आहे याचा तोच पुरावा.

'मानधन' म्हटलं की काही लागू होत नाही, हा गोड गैरसमज आहे. वेळ ट्रस्ट ठरवतो, काम ट्रस्ट ठरवतो, दर महिन्याला तीच रक्कम जाते: हा पगार आहे, नाव काहीही द्या. समजा ६४ तासांना ताशी ३०० धरले तर १९,२०० होतात. महाराष्ट्रात महिना १०,००० च्या वर पगार असलेल्या पुरुषाचा व्यवसाय कर महिन्याला २००, फेब्रुवारीत ३००, वर्षाचे २,५००. तो ट्रस्टने कापून भरायचा आणि त्यासाठी ट्रस्टने नोंदणी करायची. (वर्गाला शिक्षिका नेमलीत तर तिला २५,००० पर्यंत व्यवसाय कर नाही.) भविष्य निर्वाह निधी वीस माणसांपासून पुढे. दोन-तीन कर्मचाऱ्यांच्या सिनेगॉगला तो नाही, म्हणून म्हातारपणाची सोय वेतनातच धरून मागा.

पैसे बँकेतून. एका माणसाला एका दिवसात १०,००० च्या वर रोख दिले तर ती रक्कम ट्रस्टच्या हिशेबात खर्च म्हणून धरली जात नाही. पाकिटातून देण्याची सवय जुनी आहे, पण ती मोडा.

करार ५०० रुपयांच्या स्टॅम्पपेपरवर, दोन प्रती. सुरुवात १ एप्रिलपासून करा, म्हणजे अंदाजपत्रकाशी जुळतं.

दुसरा_सेफेर

एप्रिलला माझा विरोध आहे. एप्रिल म्हणजे पेसाहच्या आगेमागे, सगळ्यांची धावपळ. आणि वर्षाचा सर्वांत मोठा ताण तिश्री महिन्यात (सप्टेंबर-ऑक्टोबर), म्हणजे कराराच्या बरोबर मध्ये येतो. सिम्हात तोरा हा तिश्रीतला शेवटचा सण संपल्यावर हेश्वान महिना लागतो, त्यात एकही सण नाही. १ नोव्हेंबर ते ३१ ऑक्टोबर असा करार केला तर मोठे सण शेवटी येतात आणि ते पार पडल्यावर शांतपणे आढावा घेता येतो. अंदाजपत्रकाचं जमवायला पहिल्या पाच महिन्यांची तरतूद वेगळी मंजूर करून घ्या.

महिने मात्र इंग्रजीच धरा. हिब्रू वर्ष धरलं तर अधिक महिन्याचा वाद ठरलेला: १९ वर्षांत सात वर्षं तेरा महिन्यांची, ५७८७ तसंच आहे, अदार महिना दोनदा. हा वाद इतका जुना आहे की मिश्ना या प्राचीन धर्मसंहितेतही आहे, बाबा मेत्सिया ८:८ मध्ये. घर वर्षाच्या बोलीवर घेतलं तर अधिक महिना भाडेकरूच्या फायद्याचा, महिन्याच्या बोलीवर घेतलं तर मालकाच्या. वर्षाची बोली केलीत तर तेरावा महिना तुम्ही फुकट गाणार.

व्हाउचर_क्र_७

पाच महिन्यांची वेगळी तरतूद चालेल. तरतुदीविना सुरुवात चालणार नाही, एवढंच माझं म्हणणं.

काळी_पाच

पेटीबद्दलची तक्रार अर्धी खरी आहे.

बगदादी (इराककडून आलेल्या ज्यूंच्या) चाली मकामांवर, म्हणजे अरबी रागांवर, उभ्या आहेत. त्यातला आजम म्हणजे जवळपास बिलावल. नहावंद किरवाणीच्या अंगाचा. हिजाझचा खालचा भाग म्हणजे भैरवाचं पूर्वांग: कोमल रे, शुद्ध ग. हे तिन्ही पेटीवर बसतात. रास्त आणि सिगा बसत नाहीत. रास्तचा गंधार कोमल आणि शुद्धच्या मधोमध आहे आणि पेटीला तिथे पट्टीच नाही. वाजवणारा शुद्ध ग दाबतो, मुलं तोच ऐकतात, आणि दोन वर्षांत रास्तची चाल बिलावल होऊन बसते. आजी-आजोबांना काहीतरी चुकतंय एवढंच कळतं, काय ते सांगता येत नाही. तक्रार तिथून येते.

उपाय असा: अशा चालींना पेटीवर फक्त सा आणि प धरून ठेवा, गंधार गळ्यानेच शिकवा. बाकीच्यांना खुशाल साथ द्या. मराठी कीर्तनाच्या पदांना आणि मलिद्याला पेटी-तबला शोभतोच. बेने इस्राएली (मराठी ज्यूंची) कीर्तनं १८८० च्या सुमारास सुरू झाली, तेव्हापासून ती वाद्यांसकटच आहेत. शब्बाथला आणि सणाला वाद्य नाही, हे तुम्हाला सांगायला नको. वर्गाचं वेळापत्रक करताना ओमेरचे (पेसाह ते शवुओत) दिवस आणि तम्मूझच्या १७ पासून आवच्या ९ पर्यंतचे तीन आठवडे नुसत्या गळ्याचे धरा.

कॅम्पातलं लाल देऊळ (१८६७) बगदादी वळणाचं आणि रास्ता पेठेतलं सुक्कथ शेलोमो (१९२१) बेने इस्राएली, त्यामुळे एकाच शब्दांना पुण्यात दोन-दोन चाली ऐकू येतात. कुठली 'आपली' यावर वर्गात निवाडा करू नका. दोन्ही शिकवा, सिनेगॉगमध्ये तिथलीच चालवा.

आता पट्टी. नवा हझान सर्वांत जास्त इथे मार खातो. स्वतःच्या गळ्याला छान लागणाऱ्या सुरात 'लेखा दोदी' हे शुक्रवारचं गाणं उचलतो आणि तिसऱ्या कडव्यापर्यंत मंडळी गप्प. मिश्र जमावाला पेटीवरच्या पांढरी सहापासून वरच्या पांढरी दोनपर्यंत आरामात गाता येतं, बायका आपोआप एक सप्तक वर. तेव्हा आधी चालीचा सर्वांत वरचा सूर शोधा, मग सा ठरवा. चाल मंद्र पंचमापासून तार षड्जापर्यंत असेल तर सा पांढरी दोन. सा पासून तार गंधारापर्यंत असेल तर सा काळी पाच. प्रत्येक चालीचा सा सिद्दूरच्या समासात लिहून ठेवा.

शब्बाथला फोनवरचा तानपुरा लावता येणार नाही. शुक्रवारी मेणबत्त्या लावायच्या आधी पेटीवर तो सा ऐका, पाच मिनिटं गुणगुणा, मग सिनेगॉगला जा. साथ नसल्यामुळे दहा मिनिटांत सूर अर्धा स्वर तरी उतरतोच. उतरू द्या. मधेच वर ओढलात तर मंडळी सुटतात. पुढची चाल सुरू करताना गुपचूप वर घ्या.

योम किप्पुरचं वेगळं. पाच तफिला, पंचवीस तास पाण्याचा थेंब नाही. एकट्याने पाचही घेऊ नका आणि घेणार नाही असं करारात लिहा. कोल निद्रे (सुरुवातीची, संध्याकाळची) आणि नेइला (शेवटची) तुमच्याकडे, मिन्हा (दुपारची) दुसऱ्याकडे, मुसाफ (सकाळनंतरची जोडप्रार्थना) जमलं तर वाटून. आदल्या दिवशी सकाळपासून थोडं थोडं पाणी पीत राहा, शेवटच्या तासात तांब्याभर ढोसून उपयोग नाही. शेवटच्या जेवणात तिखट आणि तळलेलं नको, आंबट ढेकर आली की घसा गेलाच. मिन्हाच्या वेळी कुणाशी कुजबुजत बोलू नका, कुजबुजण्याने घसा बोलण्यापेक्षा जास्त कोरडा पडतो. नेइलाचा सा नेहमीपेक्षा एक स्वर खाली धरा.

मुलांच्या उच्चारांसाठी एक सोपी गोष्ट. देवनागरीत लिहून द्याल तेव्हा झायिन या अक्षराला 'ज' लिहून 'जाळं'तला म्हणा, 'जीव'मधला नाही. 'त्स' शिकवायचा तर 'चाक'मधला 'च' त्याच्या अगदी जवळचा. मराठी मुलांना हे आयतं येतं, हिंदी माध्यमातल्यांना येत नाही. खरी अडचण 'हे' आणि 'हेत' ही दोन्ही हिब्रू अक्षरं 'ह' अशीच लिहिली जातात तिथे आहे. हेतखाली टिंब द्या.

पेठेतला_आवाज

सगळ्यांचे आभार, बैठकीत तासांचा तक्ता ठेवतो. राहिलेले दोन प्रश्न: लग्न आणि मलिद्याला घरचे जे पाकीट देतात ते कुणाचं? आणि आत्तापर्यंत माझ्याबरोबर दोघं जण फुकटच वाचायचे, त्यांना वाईट वाटेल का?

कोरा_स्तंभ

वाटेल, जर त्यांचं वाचन तुम्ही काढून घेतलंत तर. महिन्यातला एक शब्बाथ त्यांच्याकडेच ठेवा, त्यांना तयारी करून देणं हे तुमच्या पगारी कामात घाला. समितीच्याही ते फायद्याचं आहे. पगारी माणूस उद्या इस्राएलला गेला तर सिनेगॉग मुकं व्हायला नको. करारात लिहा: वर्षात दोन नवे वाचक तयार करायचे, आणि सगळ्या चाली आठवड्याच्या दिवशी रेकॉर्ड करून प्रत ट्रस्टकडे द्यायची.

चाली बदलायचा अधिकार कुणाचा, तेही त्यातच टाका. पहिले तीन महिने काहीच बदलू नका. पुढे महिन्याला एक नवी चाल पुरे. कद्दिश, कदूशा आणि कोल निद्रेला हात लावायचा नाही.

व्हाउचर_क्र_७

पाकिटाचे दोन मार्ग. एक, लग्नाचा आणि मलिद्याचा दर ट्रस्टने फलकावर लावायचा, पावती ट्रस्टची, तुम्हाला पगाराव्यतिरिक्त ठरलेली रक्कम. दुसरा, ही कामं कराराबाहेर, यजमान आणि तुम्ही परस्पर बघा, कर तुमचा तुम्ही भरा. मलिदा घरोघरी असतो, म्हणून त्याला दुसरा बरा. लग्न सिनेगॉगमध्ये लागतं, 'योनाती झिव' या गाण्यापासून सात बराखांपर्यंत (आशीर्वादांपर्यंत) सगळं तुमच्यावर, त्याला पहिला. मयतीला आणि शिव्हाला (सात दिवसांच्या सुतकाला) काहीच घेऊ नका, ते पगारातच धरा.

दुसरा_सेफेर

आणि पगाराची तारीख ७ वगैरे ठेवाल तर ती कधीतरी शनिवारी येणार, बँकेची आपोआप जाणारी रक्कम त्याच दिवशी जमा होणार. 'महिन्याचा पहिला गुरुवार' असं लिहा. गुरुवारी सण आला तर आदला बुधवार.

पेठेतला_आवाज

पहिला गुरुवार. लिहून घेतलं.